पदरावरचं चाक

आज नव्या सभासदांना आमच्या इनर व्हील क्लबच्या पिना लावल्या. खांद्यावरच्या निऱ्यांतून सुई आरपार जाते, मागे चाप बसतो, मग लावणारीच पदर सारखा करते. निळ्या मिन्यावर सोनेरी दाते, मोठ्या चाकात छोटं चाक. मोठं चाक रोटरीचं.

तारापूरचं अणुवीज केंद्र आणि बोईसरची एमआयडीसी यांमुळे आमच्या भागात कुठकुठची कुटुंबं येऊन राहिली. नवऱ्याची ओळख गेटपासवर, बायको मात्र कॉलनीत वर्षानुवर्षं 'अमक्यांच्या मिसेस'. म्हणून मला ही नखाएवढी पिन मंगळसूत्राशेजारी शोभून दिसते. ती बाईने स्वतः कमावलेली असते.

इनर व्हीलची सुरुवात केली मँचेस्टरच्या मार्गारेट गोल्डिंग यांनी; त्या परिचारिका, पुढे उद्योजिका. रोटेरियनांच्या बायकांना त्यांनी एकत्र आणलं. १९२३च्या नोव्हेंबरात पहिली बैठक भरली ती चक्क टर्किश बाथमध्ये, कारण दुसरी जागाच मिळेना! १० जानेवारी १९२४ला क्लब रीतसर सुरू झाला. रोटरीने स्त्रियांना सभासदत्व खुलं केलं ते थेट १९८९मध्ये.

नवऱ्याच्या चाकात बायकोचं चाक, हा आक्षेप मला पटतो. पण आता रोटरीशी नातं नसलेल्या बाईलाही इनर व्हीलमध्ये येता येतं. मग पालघरच्या पाड्यांवर पायपीट करणाऱ्या आशाताई, अंगणवाडी सेविका आपल्यात का नकोत? त्यांची वर्गणी क्लबने भरावी, असं मी पुढच्या सभेत मांडणार आहे.