घरमालक खाली राहतात

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. वर्गात तंज शिकवायचा तर अकबर इलाहाबादी पुरतात. पण परवा भाच्याने अमेरिकेतला पंक बॅण्ड ऐकवला. सॅन फ्रान्सिस्कोचे डेड केनेडीज, अल्बम १९८०चा. पहिल्याच गाण्याचे नाव ‘किल द पुअर’! आमच्या तोंडून लाहौल निघाली.

‘मामू, शब्द तर ऐका,’ भाचा म्हणाला.

ऐकले. न्यूट्रॉन बॉम्ब माणसे मारतो, मालमत्ता बरीचशी शाबूत ठेवतो. मग गरिबी हटवायला याहून सोपे काय, असे गायक खुशीत विचारतो. म्हणजे गातो तो, पण आवाज सत्तेवरच्या साहेबांचा. तंजाची ही रीत आम्ही दहा वर्षे शिकवतो, तरी फसलो. या गायकाने, जेलो बिआफ्राने, १९७९ साली महापौरपदाची निवडणूकही लढवली. व्यापाऱ्यांनी शहरात विदूषकाचे कपडे घालावेत, हा त्याचा एक मुद्दा. अर्थात पडला.

पुढे एक गाणे घरमालकावर होते. ते आम्ही दोनदा ऐकले. गेल्या साली आम्हीही घर शोधत होतो. फोनवर खोली रिकामी असे. नाव सांगितले की त्याच मिनिटाला भरून जाई. मनातून गाणे पटत होते. पण त्याच्या नावातला ‘लिंच’ काही केल्या हसवेना. २०१५च्या दादरीनंतर हा शब्द आमच्या उर्दू अखबारांत कितीदा वाचला.

‘मामू, तंज आहे हा,’ भाच्याने समजावले.

कबूल. तरी आवाज कमी करायला सांगितलाच. घरमालक खालीच राहतात, आणि करार अकरा महिन्यांचा आहे.