योग्यकर्ता, रात्री उशिरा

बेरिंगहार्जो बाजारात मसालेवालीला ‘बू’ म्हणून हाक मारली, ‘बरापा?’ विचारलं, आणि तिनं भाव सावकाश, दोनदा सांगितला. बाईमाणसाला ‘बू’, पुरुषाला ‘पाक’. इंडोनेशियन शिकताना हे आधी शिकावं, बाकीचं मागून. क्रियापदाला काळ चिकटत नाही, त्यामुळे साधं वाक्य लवकर जमतं.

पण मला खरं भारावून टाकतं ते १९२८ सालचं इंडोनेशियाच्या तरुणांचं धाडस. जावानीज बोलणारे सर्वांत जास्त, तरी त्यांनी बंदरा-बंदरांतल्या व्यापाराची मलय हीच ‘इंडोनेशियन’ म्हणून सगळ्यांची भाषा मानली. आजही इथं कितीतरी घरांत जावानीजच चालते. इंडोनेशियन भाषा मुलं शाळेत शिकतात. म्हणूनच असेल, अडखळणाऱ्याला ही माणसं वेळ देतात.

उद्या आकडे. ‘रिबू’, म्हणजे हजार, आल्याशिवाय इथं केळीसुद्धा घेता येत नाहीत.