'कशासाठी?' नावाचा रकाना

आठवलं की अजूनही कानशिलं तापतात. मंगळवारचा बाजार, गवारीचा ढीग, आणि ओळखीच्या एक बाई भर गर्दीत विचारतात, "वहिनी, पिशवी काढायचं ठरलं का हो?" ही गोष्ट मी नवऱ्याशिवाय कुणालाही सांगितली नव्हती.

झालं होतं एवढंच. सोनोग्राफीत गाठी निघाल्या आणि डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याच्या बातम्या २०१९ साली वाचलेल्या, त्यामुळे मन घेईना. घरातला एकच स्मार्टफोन मुलाच्या हातात. म्हणून वाचनालयात गेले. तिथं एक संगणक आणि शेजारी दोरीला पेन बांधलेली जाडजूड नोंदवही. नाव, पत्ता, वेळ, सही आणि शेवटचा रकाना : 'कशासाठी?'

मी खरं लिहिलं. 'गर्भाशयाच्या गाठी, माहिती.' वही दिवसभर टेबलावर उघडी. माझ्याखाली सही करणाऱ्यानं वरची ओळ वाचली असणार. कोणी वाचली, कोणाच्या कानात घातली? त्या पानावरची माझ्याखालची सहा नावं मला आजही पाठ आहेत.

मी तक्रार केली, तर उत्तर मिळालं, "नियम आहे." कुठला नियम? सायबर कॅफेसाठी २०११ चे नियम आहेत. ओळखपत्र बघा, नाव-पत्ता-वेळ लिहा, नोंद वर्षभर जपा. त्यातही 'कशासाठी' कुठं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. आणि याच वाचनालयातून मी वीस वर्षं पुस्तकं नेते. हे पुस्तक का वाचता, असं कधी कुणी विचारलं? मग पडद्यावर वाचलं की कारण का द्यायचं? बायांनो, त्या रकान्यात फक्त 'वाचन' लिहा.

माहिती मात्र तिथंच मिळाली. पाळी गेल्यावर या गाठी बहुधा आक्रसतात. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. पिशवी आहे तशी आहे.

पुढं एकदा संगणकावर बसले, तर माझ्याआधी बसलेल्या एका मुलाचा ईमेल उघडाच. आधार, पासबुक, भरतीचा अर्ज, सगळं समोर. लॉगआउट करायचं राहून गेलेलं. मी ते बंद केलं, वहीतून त्याचा पत्ता काढला आणि घरी जाऊन पासवर्ड बदलायला सांगितलं. पोराचा चेहरा पांढरा पडला. वही नसती तर त्याला गाठलं कसं असतं?

म्हणून वही नको, असं आता माझ्या तोंडून निघत नाही. तो रकाना मात्र खोडाच.

गेल्या सोमवारी वरची ओळ तळहातानं झाकून मी 'वाचन' लिहिलं. झाकण्याआधी ती वाचून झाली होती.