खाशाबांचे बळ

मल्लाची पारख करावयाची, तर त्याचे बळ पाहावे तशी त्याची उणीवही पाहावी. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव अंगकाठीने लहान होते. परंतु चपळाई आणि ढाक हा डाव यांच्या जोरावर ते आपल्याहून धिप्पाड मल्लांनाही चीत करीत. उणीव होती ती निराळीच. तांबड्या मातीत घुमलेल्या या मल्लाला गादीवरील कुस्तीचा सराव नव्हता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. ही उणीव ओळखून त्यांनी चार वर्षे कसून मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकी येथे जपानच्या इशीशी त्यांची दीर्घ झुंज झाली. ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती मागून घेण्यास आपला एकही अधिकारी तेथे नव्हता. थकलेल्या देहाने खाशाबा हरले. तरीही कांस्यपदक त्यांनी मिळविलेच. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

लंडनची उणीव खाशाबांची होती; ती त्यांनी भरून काढली. हेलसिंकीची उणीव मात्र त्यांची नव्हती, त्यांना एकटे सोडणाऱ्यांची होती.