वाटीभर ओळख

काशीतल्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उभ्या चढाच्या. दिवेलागणीला मुलं पाण्याजवळून धापा टाकत वर गल्लीत येतात तेव्हा पोटात कावळे कोकलत असतात, आणि तरीही ताट समोर आलं की पहिला शब्द निघतो तो "हे नको". जिथे लहान मूल आहे तिथे हा शब्द ऐकू येतोच, काशीत काय नि कोल्हापुरात काय. आमच्या थोरल्याला ताटातला एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला खपत नाही. धाकटीला सगळं पांढरंच हवं: भात, दही, शेवयांची खीर. दुपारची भांडी आवरली की म्हणून माझ्या मनात रात्रीच्या जेवणाची जुळवाजुळव सुरू होते. कालच्यापेक्षा वेगळं आणि तरी त्यांना परकं वाटणार नाही, असं आज काय करायचं?

मुलांच्या या नकाराला मी हट्ट म्हणत नाही. साधारण दुसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत अनोळखी अन्नाची भीती सर्वांत जास्त असते. मूल नुकतं पायावर उभं राहिलेलं, आईच्या नजरेआड जाऊन दिसेल ते तोंडात घालू शकणारं. त्या वयात कडू, हिरव्या, न पाहिलेल्या गोष्टीपासून मागे सरणं हे कधीकाळी जीव वाचवणारंच असणार. ही भीती रागावून जात नाही, सहवासाने जाते. बालआहाराचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार दिसलं आहे की नवी भाजी मुलाने आपली म्हणायला ती आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. चिमूटभर चाखली जावी लागते, आणि तीही जबरदस्ती न होता. आपण मात्र तिसऱ्या वेळीच "त्याला नाही आवडत" असं ठरवून मोकळे होतो. या वाक्याची मला धास्ती वाटते. मुलाच्या देखत ते दोन-चारदा बोललं गेलं की मूलही स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागतं.

त्यात बनारस हे दुधाचं शहर. लस्सी आहे, रबडी आहे, थंडीच्या सकाळी मलइयो आहे. संध्याकाळी कुणी प्रेमाने कुल्हडभर लस्सी पाजली की रात्रीचं जेवण बुडालंच म्हणायचं. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त वरचं दूध लहान मुलाच्या पोटात गेलं तर बाकीच्या अन्नाला जागा उरत नाही आणि अंगात लोह कमी पडू लागतं. म्हणून आमच्याकडे चार-साडेचारला एखादं फळ किंवा मूठभर चिवडा, आणि मग ताट वाढेपर्यंत पाणी. भूक हीच पहिली भाजी, असं सासूबाई म्हणतात.

मी इथे आले ती वाईहून. कृष्णेचा घाट सोडून गंगेच्या घाटावर. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. घाटावरचा हजारा दीपस्तंभ अहिल्याबाईंचा. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, पैठणहून भट्टांचं घराणं इथे आलं. त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली शिवरायांच्या राज्याभिषेकाला रायगडावर गेले. एकनाथांनी आपलं भागवत पुरं केलं तेही याच काशीत, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला. या सगळ्या थोर येण्याजाण्यात माझं मन अडकतं ते दुसरीकडेच. पोथ्यांच्या बासनांबरोबर लेकरंही आली असणार. परक्या मुलखातल्या पहिल्या रात्री चूल पेटवून त्या बायकांनी त्यांना काय वाढलं असेल? आमसूल संपलेलं, ओळखीची पालेभाजी बाजारात नाही, आणि पदराला धरून रडणारं पोर "घरचं दे" म्हणतंय.

तूर मात्र होती. इथली अरहर म्हणजे आपली तूरच. मला वाटतं, काशीतलं मराठी स्वयंपाकघर या डाळीच्या आधारावर उभं राहिलं. एक गोष्ट ओळखीची ठेवायची आणि तिच्या शेजारी एक नवी मांडायची. पिढ्यान्‌पिढ्या घरं अशीच रुळली आणि मूलही असंच रुळतं. लहानग्यांच्या जेवणाची आखणी करताना मी याच्या पलीकडे फारसं काही करत नाही.

याचं सगळ्यात गोड उदाहरण आमच्याकडे आठवड्यातून एकदा पातेल्यात उकळत असतं. वाईला आम्ही चकोल्या करायचो: कणकेची पोळी लाटून कातण्याने तुकडे पाडायचे आणि गोडा मसाला, आमसूल, गूळ घातलेल्या वरणात सोडायचे. कुणी त्यांना वरणफळं म्हणतात. इथे आल्यावर शेजारच्या चाचींनी मला दाल की दुल्हन दाखवली. तीच डाळ, तीच कणीक. फक्त लहानशी पुरी लाटून तिच्या कडा मध्यभागी चिमटीत धरायच्या, म्हणजे फूल होतं. ती फुलं डाळीत शिजवायची आणि वरून हिंग-जिऱ्याची, लसणाची तुपातली फोडणी. सासूबाई आता दोन्ही एकाच पातेल्यात करतात. अर्ध्या चकोल्या, अर्ध्या दुल्हनी, डाळ मात्र गोड्या मसाल्याची. मुलं ओट्याशी पाटावर उभी राहून फुलं दुमडतात. थोरल्याची नीटनेटकी, चार पाकळ्यांची. धाकटीची नुसती चेपलेली. स्वतःच्या हातचं फूल ताटात आलं की ते नाकारायला मन होत नाही. ज्या मुलाला डाळ भाताला लागलेली चालत नाही, तो डाळीत बुडालेली कणीक बोटांनी शोधून खातो. जे हाताने घडवलं त्याची भीती वाटत नाही, हे मी दर आठवड्याला पाहते.

इथे मला एका गोष्टीबद्दल ठामपणे बोलायचं आहे. बऱ्याच आया भाजी लपवतात. दुधीचा कीस थालीपिठात, पालकाचा रस पुरीत, बीट डोशात. थालीपिठात दुधी मीही घालते, छान लागतो म्हणून. पण मुलांना सांगून. पंचगंगेला पाच नद्या भेटतात अशी श्रद्धा आहे: किरणा, धूतपापा, सरस्वती, यमुना आणि गंगा. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. थोरल्याने एकदा पायरीवर बसून आजीला विचारलं, "बाकीच्या चार कुठे आहेत?" आजीने एकेकीचं नाव घेऊन गोष्ट सांगितली, तेव्हापासून तो पाचही नावं म्हणतो. नाव कळलं म्हणून त्या त्याच्या झाल्या. भाजीचंही तसंच असावं. लपवलेला दुधी पोटात जातो खरा, पण मुलाची दुधीशी भेट होत नाही, आणि पुढच्या वेळी फोड दिसली की भीती तेवढीच राहते. शिवाय कधीतरी मुलाला कळतं. मग ते आवडीच्या थालीपिठाकडेही संशयाने बघू लागतं. ताटावरचा विश्वास मला दुधीपेक्षा मोलाचा वाटतो.

इथला नेनुआ म्हणजे आपलं घोसाळं. तो आमच्या घरात असाच हळूहळू, उजळमाथ्याने आला. आधी बेसनात बुडवून गोल चकत्यांची भजी. मग चण्याच्या डाळीत त्याच चकत्या, पातळ, ओळखू येतील अशा. आणि मग कधीतरी नुसती भाजी, एका चमच्यापुरती, भाताच्या शेजारी. परवलाच्या बिया थोरला वेचून बाजूला काढतो. मी काढू देते. बी काढून का होईना, परवल तर खातोय.

मुलांना असं निवडू देण्यावरून आठवतं, १९२६ च्या सुमारास क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी एक विलक्षण प्रयोग सुरू केला. नुकतीच अंगावरून तुटलेली पंधरा बाळं, आणि त्यांच्यासाठी चौतीस पदार्थांची यादी. त्यातले काही पदार्थ दर जेवणाला समोर ठेवायचे. बाळ ज्याकडे हात नेईल ते परिचारिकेने भरवायचं, चेहऱ्यावर कौतुक नाही की नाराजी नाही. मुलांची एकेक जेवणं चमत्कारिक निघाली, दोन मुलांची आवड जुळली नाही, पण महिन्यांचा हिशेब पाहिला तेव्हा सगळी धडधाकट वाढली होती. हा प्रयोग "मुलांना काहीही खाऊ द्या" म्हणून सांगितला जातो, तो मला अर्धाच सांगितल्यासारखा वाटतो. त्या चौतीस पदार्थांत साखर नव्हती, तळण नव्हतं, डब्यातलं काही नव्हतं; धान्य, फळं, भाज्या, मांस, दूध असं साधं अन्न होतं. निवड बाळांची होती, पण काय मांडायचं ते बाईंनी ठरवलेलं होतं, आणि डेव्हिसबाईंनी स्वतःही खरी खुबी या यादीतच असल्याचं सांगितलं. काशीच्या लोकांना हे नवं वाटू नये. इथे साक्षात विश्वनाथ अन्नपूर्णेपुढे झोळी घेऊन उभा असतो. पळीत काय घ्यायचं ते ती ठरवते. किती घ्यायचं ते मागणाऱ्याच्या हाती.

म्हणून रात्रीच्या ताटात माझं एवढंच पाहणं असतं: एक पदार्थ असा की दोघंही हमखास खातील, एक बदलता, आणि एक नवखा, चमचाभर. हमखास म्हणजे बहुधा भात. इथला आदमचिनी तांदूळ बारका, सुवासिक. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मऊ शिजवून त्यावर साजूक तूप नि मेतकूट घातलं की धाकटीचं पांढरं जग आपसूक थोडं पिवळं होतं. बदलता पदार्थ ऋतू ठरवतो. थंडीत मटार येतो तेव्हा चिंताच मिटते. चूडा-मटर म्हणजे तुपात परतलेल्या मटाराचे पोहे, आल्याचा झणका असलेले. मटार वाटून केलेला निमोना भातावर. आणि सोलताना निम्मे दाणे मुलांनीच कच्चे फस्त केलेले असतात. उन्हाळ्यात काकडीची कोशिंबीर, कैरीचं पन्हं, मुगाची धिरडी. खरी कसोटी पावसाळ्यात. गंगा पायऱ्या गिळत वर येते, मुलं घरात कोंडलेली, भाजी महाग आणि शिळी. तेव्हा कडधान्यं, बटाटा, पिठलं. विश्वेश्वरगंजातून जूनमध्येच डाळी भरून ठेवायची रीत म्हणूनच असेल. त्या दिवसांत मुलं एकच पदार्थ लागोपाठ मागतात आणि मी देते. बाहेर सगळं हलत असताना ताटातलं काहीतरी स्थिर असलेलं बरं.

जेवताना टीव्ही नाही, फोन नाही. गोष्ट चालते. आजी पंडित जगन्नाथाची सांगते: त्याच्या गंगास्तुतीच्या एकेका श्लोकाला गंगा एकेक पायरी वर चढली, बावन्न श्लोक, बावन्न पायऱ्या. पण त्या गोष्टीच्या आडून ती घास कोंबत नाही. गोष्ट थांबते, मूल चावतं, विचारतं, "मग?", आणि पुढचा घास स्वतः उचलतं किंवा उचलत नाही. पोट भरलं म्हणणाऱ्या मुलाला "हा शेवटचा" म्हणून भरवणं आम्ही दोघींनी ठरवून सोडलं आहे. पोट भरल्याची जाण मुलाला जन्मतः असते. ती मोठ्यांनी बुजवू नये.

सध्या पाळी रामनगरच्या वांग्याची आहे. गोल, भलं थोरलं, फिकट हिरवट-पांढरं. भाजून त्याचा चोखा करायचा की दाण्याचं कूट घालून भरीत, यावर घरात मतभेद आहेत. सासरे चोख्याच्या बाजूचे, मोहरीचं कच्चं तेल घातलेल्या. मुलांनी आतापर्यंत वास घेतला आहे, थोरल्याने बोट लावून चाटलं आहे, धाकटीने तोंड फिरवलं आहे. उद्या सकाळी थोरला माझ्याबरोबर भाजीच्या सट्टीवर येणार आहे आणि वांगं तोच निवडणार आहे. भाजताना साल तडकते तो आवाज त्याला ऐकायचा आहे. चोखा भाताला लागता कामा नये, अशी त्याची अट आहे. त्याच्यासाठी वेगळी छोटी वाटी काढून ठेवली आहे; धाकटीच्या वाटीत दही घातलेलं भरीत असेल, बरंचसं पांढरं.