चुन्याचा हात

आमच्या जुन्या घरात चूल कोणत्या कोपऱ्यात होती, देवघरात किती देव होते, हे आज मला नीट आठवत नाही. पण त्या घराच्या बाहेरच्या भिंती मात्र डोळे मिटताच समोर उभ्या राहतात. त्या भिंतींशी माझी ओळख डोळ्यांनी नव्हे, तर हातांनी झाली होती. वयाच्या अकराव्या वर्षी मी त्या वरपासून खालपर्यंत झाडल्या, खरवडल्या, लिंपल्या आणि पांढऱ्या केल्या.

आमचे गाव अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी होते. ‘होते’ असे म्हणतो, कारण आता तेथे पाणी आहे. पैठणजवळ जायकवाडीचे धरण बांधण्याचे काम १९६५ साली सुरू झाले. त्या वर्षी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. धरण पैठणला, पण त्याचे पाणी मागे मागे पसरत शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतील गावांपर्यंत येणार होते. आमचे गाव त्या पाण्याच्या वाटेवर होते. मी ज्या दिवाळीची हकिगत सांगणार आहे, ती १९७३ सालची. गावाला मिळालेली नवी जागा तोवर ठरली होती. आणखी वर्षभरात घरे सोडायची, असे सर्वांनी धरून चालले होते.

त्याच्या आदले वर्ष १९७२ च्या मोठ्या दुष्काळाचे. त्या वर्षी आमच्या घरातील मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. घराला चुना लावण्याची गोष्ट कोणाच्या मनातही आली नाही. त्यामुळे १९७३ च्या पावसाळ्यानंतर आमच्या घराचे रूप मोठे केविलवाणे झाले होते. माळवदाच्या पन्हळीतून पडणाऱ्या पाण्याचे तांबूस ओघळ भिंतींवर उमटले होते. जागोजाग पोपडे सुटले होते. वळचणीला कोळ्यांनी जाळी विणली होती, आणि कुंभारीण माशीने आपली मातीची मडकी ओळीने चिकटवून ठेवली होती. या सर्वांत ठळक दिसे तो दाराशेजारचा आकडा. मोजणी करणाऱ्या लोकांनी डांबराने काढलेला तो ‘४७’ वीतभर उंचीचा होता. बुडणाऱ्या घरांच्या यादीत आमचे घर सत्तेचाळिसावे होते.

दसरा झाला आणि आजीने चुन्याचा विषय काढला. अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बैलाच्या वेसणी वळत बसले होते. ते म्हणाले, “आई, पुढल्या साली हे घर पाण्यात जायचे. तुळया काढून न्यायच्या, दारे काढून न्यायची. भिंतींना चुना लावून काय माशांना दाखवायचा?”

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग ती म्हणाली, “लेक सासरी निघते, तेव्हा तिला मळक्या लुगड्यात धाडतोस का रे?”

अण्णांनी वेसण खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी शेवगावच्या बाजारातून चुनकळी आली. अण्णा मात्र या कामाला हात लावणार नव्हते, कारण नव्या जागेवर पाया खणण्याचे काम चालू होते. तेव्हा भिंती माझ्या आणि आजीच्या वाट्याला आल्या. आजीचे वय झालेले असल्याने खरे म्हणजे त्या माझ्याच वाट्याला आल्या.

पहिले दोन दिवस साफसफाईत गेले. लांब बांबूला केरसुणी बांधून मी वळचणीची जळमटे काढली. कुंभारणीची मडकी फोडताना मला मोठी मजा वाटली. एकात हिरव्या अळ्या ठासून भरलेल्या होत्या. माशीने त्या आपल्या पिलांसाठी साठवून ठेवल्या होत्या. चिमण्यांचे एक भोक मात्र आजीने बुजवू दिले नाही. त्यानंतर खुरप्याने पोपडे खरवडले, भेगांवर पाणी शिंपडले आणि त्या लिंपल्या. लिंपायची माती आजी स्वतः कालवी. तीत भुसा किती, शेण किती, हे ती मापाने नव्हे, तर बोटांनी ठरवी.

ही माती पांढरीची होती. तुमच्या गावातही वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द तुम्ही ऐकले असतील. काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे गावठाणाची. पांढरी इतकी पांढुरकी का, असे मी आजीला विचारले होते. ती सहज म्हणाली, “अरे, त्या जुन्या भिंतीच आहेत. घर पडते, त्याची माती होते, तिच्यावर दुसरे घर बांधतात.” मला ही तिची एक गंमत वाटली होती. पुढे मोठेपणी वाचनात आले की नेवाशाच्या पांढरीच्या टेकाडावर १९५४ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन सुरू केले, तेव्हा एकाखाली एक अशा अनेक काळांच्या वस्त्या तेथे निघाल्या. प्रवरेच्याच काठी दायमाबादला तर तीन हजार वर्षांपलीकडची मातीच्या भिंतींची घरे सापडली. आजीला यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि तरीही तिला सर्व ठाऊक होते.

तिसऱ्या दिवशी चुना विरवला. तुम्ही चुना विरताना पाहिला आहे काय? पाहिला नसेल तर जरूर पाहा, पण दुरून पाहा. अंगणात अर्धा पुरलेला रांजण होता. त्यात कळीचे दगडासारखे खडे टाकून आजीने वरून पाणी ओतले. क्षणभर काहीच झाले नाही. मग आतून फुसफुस ऐकू आली, खडे तडकू लागले, वाफेचे लोट उठले आणि विस्तवावाचून सारा रांजण रटरट उकळू लागला. मी वाकून पाहायला गेलो, तोच आजीने माझा दंड धरून मला मागे ओढले. “डोळ्यांत थेंब गेला तर डोळे जातील,” एवढेच ती म्हणाली. तिच्या आवाजावरून मला कळले की ती मला भिववीत नव्हती. कामाला लागण्यापूर्वी तिने माझ्या हातांना कोपरापर्यंत करडईचे तेल चोळले, आणि डोक्याला जुन्या धोतराचा तुकडा भुवयांपर्यंत बांधला.

विरलेला चुना रात्रभर मुरू दिला आणि सकाळी फडक्यातून गाळून घेतला. त्यात मीठ आणि बाभळीचा डिंक घातला, म्हणजे तो अंगाला लागत नाही. शेवटी नीळ घालायची. ती आजीने माझ्यावर सोपवली आणि म्हणाली, “चिमूटभर.” मी पुडी उघडली. पाण्यात सुटणारे निळे धागे इतके सुंदर दिसत होते की मला थांबवेना. अर्धी पुडी संपली, तेव्हा मी भानावर आलो.

कुंचा घायपाताच्या वाखाचा होता. पहिला हात मारला आणि मी निराश झालो. ओला चुना भिंतीवर जवळजवळ दिसतच नव्हता. नुसते पाणी मारल्यासारखी भिंत काळसर झाली. “थांब की जरा,” आजी म्हणाली. ऊन चढले तशी भिंत कडेकडेने उजळू लागली. भट्टीत भाजताना चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. भिंतीवर पसरलेला चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो, हे मला पुढे शाळेत शिकायला मिळाले. त्या दिवशी मी फक्त शिडीवर बसून माझी भिंत पांढरी होताना पाहत होतो.

दाराशेजारच्या आकड्याबद्दल अण्णांनी निक्षून सांगितले होते, “त्याला हात लावू नकोस. आकडा दिसला नाही, तर भरपाईच्या यादीत घर लागायचे नाही.” मी तो सोडून भोवतीने चुना लावला. पण तसे केल्यावर तो पूर्वीपेक्षाही काळाकुट्ट दिसू लागला. दिवसभर मी त्याच्याकडे पाहिले नाही. संध्याकाळी आजी गोठ्यात गेली असता मी कुंचा भरून घेतला आणि त्या आकड्यावर एक, दोन, तीन हात मारले. अंधार पडेपर्यंत त्याचा मागमूसही राहिला नाही.

अण्णा रात्री आले. कंदील वर करून त्यांनी भिंत पाहिली. ते रागावले असते, तर बरे झाले असते. ते मटकन ओट्यावर बसले आणि नुसते “अरे, काय केलेस हे,” असे म्हणाले. नव्या घरासाठी काढलेले कर्ज, भरपाईचे पैसे, यांविषयी आजीशी चाललेले त्यांचे बोलणे मला पांघरुणातून ऐकू येत होते. माझ्या तीन हातांनी घरातल्या सर्वांना उघड्यावर आणले, अशी माझी खात्री झाली. त्या रात्री मला झोप अशी लागलीच नाही.

उजाडताच मी बाहेर धावलो. पाहतो तो पांढऱ्याशुभ्र भिंतीवर पिवळसर तपकिरी ‘४७’ उमटलेला! चुना डांबराला झाकीत नाही. ते त्याच्यातून झिरपून वर येते. अण्णाही मागून आले. त्यांनी आकड्यावरून बोट फिरवले आणि कित्येक महिन्यांनी मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिले. मला सुटल्यासारखे वाटले. तरी खोटे कशाला सांगू? आकडा जिंकला याचा थोडा रागही आला.

भिंत मात्र निळसर दिसत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “परटाच्या धुण्यासारखे घर झाले ग बाई!” पण दोन दिवसांनी त्यांच्याही अंगणातून चुना विरल्याची फुसफुस ऐकू आली. नंतर पलीकडच्या घरातून, मग आणखी एका घरातून. सगळ्या गावाने काही चुना लावला नाही. ज्यांना शक्य झाले त्यांनी लावला. आमच्या दर्शनी भिंतीच्या तळाशी आजीने स्वतः कावेचा हातभर रुंद पट्टा ओढला. तेवढे काम तिने मला करू दिले नाही.

पुढच्या वर्षी सुतार आले. तुळया, खांब आणि दारे बैलगाडीत चढली. माळवद उतरल्यावर चार पांढऱ्या भिंती आभाळाखाली उभ्या राहिल्या. गाडी वळली तरी आजीने मागे पाहिले नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. त्या जलाशयाला आता नाथसागर म्हणतात.

आणखी काही वर्षांनी पावसाने ओढ दिली आणि पाणी खूप मागे हटले. जुने गाव उघडे पडले आहे असे कळताच अण्णा आणि मी पाहायला गेलो. आजी तेव्हा नव्हती. मातीच्या भिंती कधीच विरून सपाट झाल्या होत्या. चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मारुतीच्या जोत्यावरून अण्णांनी आमचे घर शोधून काढले. पायाचे दगड तेवढे शिल्लक होते. कोपऱ्याच्या एका दगडाला तळहाताएवढा चुन्याचा पोपडा चिकटून राहिला होता. मी तो हलक्या हाताने सोडवला. त्याच्या कडेला कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते, दर दिवाळीचा एक. मी ते मोजू लागलो. एकवीसपर्यंत मोजता आले. त्याखालचे पापुद्रे एकमेकांत मिसळून गेले होते.

मी पोपडा अण्णांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उन्हाकडे धरून पुष्कळ वेळ न्याहाळला, सर्वांत वरच्या थरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “नीळ जरा जास्तच पडली होती.”