दुसरी खेप

माझ्या हातून झालेली एक लबाडी सांगितल्याशिवाय ज्या घरांनी मला शिकवलं त्यांच्या ऋणाबद्दल लिहिता येणार नाही, म्हणून तीच आधी सांगतो.

बी.ए. होऊन केडगावात घरी बसलो होतो. वडील गुऱ्हाळावर कामाला. दौंड-शिरूर भागातल्या घरांच्या पाहणीसाठी अन्वेषक हवेत असं कळलं आणि मी गेलो. दर चार महिन्यांनी त्याच घरांत जायचं, तेच प्रश्न विचारायचे: माणसं किती, जनावरं किती, काय पेरलं, उचल किती घेतली, गेल्या सात दिवसांत कोण कुठे कामाला गेलं. पहिली फेरी उत्साहात झाली. दुसऱ्या फेरीला मी कंटाळलो. चार महिन्यांत असं बदलणार काय, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. भीमेकाठच्या एका वाडीत एका म्हातारीच्या घराला कुलूप दिसलं. केडगावापासून सायकल मारत आलो होतो, ऊन रणरणत होतं. लिंबाखाली बसलो आणि माझ्या वहीतले मागचे आकडे नव्या तक्त्यात उतरवले. माणसं सहा, बैल दोन, शेळ्या चार.

आमचे पर्यवेक्षक दहातल्या एका घराची फेरतपासणी स्वतः करत. त्यात ते घर निघालं. मधल्या चार महिन्यांत म्हातारीचा थोरला मुलगा वारला होता. त्याच्या दवाखान्यापायी बैल विकले गेले होते. सून पोरांना घेऊन माहेरी गेली होती. माझ्या कागदावर मात्र तो जिवंत होता आणि बैल दावणीला होते.

सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘एकदाच जायचं असतं तर तुझ्या खोट्यानं एक आकडा बिघडला असता. आपण परत परत जातो. तिथं ‘काही बदललं नाही’ हेसुद्धा विचारूनच लिहायचं असतं.’’ मग ते मला घेऊन त्या घरी गेले. मी विचारत होतो, आवाज फुटत नव्हता. म्हातारीने सगळं सांगितलं, बैल कितीला गेले तेही. उठताना तिने विचारलं, ‘‘मागल्या खेपंला बी इचारलं व्हतंस. त्येचं काय झालं रं बाबा?’’

मला उत्तर देता आलं नाही.

कामावरून काढतील असं धरूनच चाललो होतो. सरांनी काढलं तर नाहीच, एक पुस्तक वाचायला दिलं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा केलेला, १९१७ साली छापलेला अभ्यास. इंग्रजी मला जड गेलं, पण एका ठिकाणी थांबलो. जुन्या कागदपत्रांवरून त्यांनी गावातल्या सरासरी धारणक्षेत्राचा माग काढला होता: १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि त्यांच्या पाहणीच्या वेळी ७. कधीकाळी कुणा कुलकर्ण्याने नीट लिहून ठेवलं म्हणून ते ४० आज सांगता आले. त्याने ‘मागच्याप्रमाणेच’ लिहिलं असतं तर? मॅन यांचा दुसरा अभ्यास, कानिटकरांबरोबर केलेला, १९२१ चा. तो शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा. माझ्या मावशीचं गाव! तिच्याकडे सुट्टीला जात होतो तेव्हा त्या आळीतून असे प्रश्न घेऊन कुणी फिरलं असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढच्या फेऱ्यांत लोकांनीच मला शिकवलं. वय विचारलं की सगळे चाळीस-पन्नास अशी गोळाबेरीज सांगत. तेव्हा पानशेत फुटलं त्या साली केवढे होता, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता का, असं विचारायला एका सुताराच्या बायकोने शिकवलं. शून्य आणि कोरी जागा यांतला फरक कळला. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुलपाची भीती गेली. घर बंद दिसलं की शेजारचं घर घेण्याचा मोह होतो. पण जे गाव सोडून जातात त्यांच्याच आयुष्यात जास्त उलथापालथ झालेली असते. ते वगळले तर वहीत फक्त टिकून राहिलेले उरतात. एका कुटुंबासाठी मी कुरकुंभच्या एमआयडीसीत दोन दिवस खोल्या शोधत फिरलो. सापडले तेव्हा त्यांनी आधी चहा ठेवला.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं, तेही दुसऱ्यांच्या कामातून. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधीचं वजन हवं, म्हणून दिवस जाण्याच्या आधीपासूनच जवळपास अडीच हजार बायकांची नोंद ठेवली, महिन्यामहिन्याला घरी जाऊन पाळीच्या तारखा विचारल्या. बाळं सरासरी २.७ किलोची निघाली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीनच्या आसपास. आपली बाळं हाडकुळी, तरी अंगावरची चरबी त्या मानाने राखून होती. सहा वर्षांनी त्याच मुलांना तपासलं तेव्हा दिसलं, की गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक होतं. पुढे अठराव्या वर्षापर्यंत ती मुलं तपासली गेली. हे वाचताना मला त्या बायका दिसत होत्या, हातातलं काम ठेवून दर महिन्याला दाराशी येणाऱ्या. त्यांनीही कधीतरी विचारलं असेलच, मागचं काय झालं म्हणून.

ते उत्तर घेऊन त्या वाडीत जायला मला उशीर झाला. म्हातारी तोवर गेली होती.

पण आमच्या पाहणीच्या शेवटच्या फेरीची तिची आठवण माझ्याजवळ आहे. ओसरीवर गहू निवडत होती. मला पाहून तिने सूप बाजूला सारलं, पोतं पसरलं. मी वही उघडायच्या आत ती बोटांवर मोजायला लागली.

‘‘माणसं दोन. शेळ्या तीन, एक गाभण हाय. बैल न्हाईत. लिही.’’

मी लिहिलं.